ताईची उजवी दाढ

दाढोबाला दाढोबा म्हणत ते दाढीमुळे नव्हे. दाढी तो रोज सकाळी घोटून करायचा आणि मिशीलाही कधी थारा दिला नाही. चाळीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या तोंडातल्या दाढा घडवल्या, म्हणून धंद्यातल्या कुणीतरी हे नाव त्याला लावलं आणि ते असं चिकटलं की लॅबच्या पाटीवर खरं नाव असूनही पार्सल आणणारा माणूस दारातून ‘दाढोबा आहेत का?’ असंच विचारायचा.

दाढ ही काय चीज आहे हे तुम्हाआम्हाला ठाऊक नसतं. पुढच्या दातांचं कौतुक सगळे करतात. हसताना ते दिसतात, फोटोत येतात. दाढ बिचारी गालाआड बसून जन्मभर दळत राहते आणि दुखली तरच तिची चौकशी होते. पण एकदा टॉर्च घेऊन आरशासमोर उभे राहा आणि खालची पहिली दाढ नीट बघा. तिच्यावर पाच उंचवटे असतात आणि त्यांच्यामधून वळत गेलेल्या खोबणी. दाढोबाचा सगळा जीव त्या खोबणींत. एवढ्याशा मेणाच्या गोळीवर तो अशा खोबणी कोरायचा की तंत्रज्ञांच्या मेळाव्यात त्याचा नमुना हातोहात फिरायचा आणि परत यायचा तेव्हा बोटांचे ठसे उमटून मळलेला असायचा. सपाट दाढ बघितली की त्याचं डोकं फिरे. “ही दाढ आहे की शर्टाचं बटण?” असं तो ती करणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचा. त्यामुळे धंद्यात त्याला मान होता, मित्र मात्र बेताचेच होते.

त्याचं सगळं काम धातूतलं. मेणाची दाढ कोरायची, ती साच्यात पुरायची, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि मेणाच्या जागी वितळलेला धातू सोडायचा. धातू मोठ्या मनाचा. कुठे कागदासारखा पातळ झाला तरी कुरकुरत नाही, वर्षानुवर्षं मार खात राहतो. दाढोबाच्या बोटांना हे इतकं पाठ होतं की डोक्याला त्यात काही काम उरलं नव्हतं.

मग ताईचं तोंड आलं.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. शाळेत खेळाच्या बाई म्हणून तीस वर्षं काढलेली, त्यामुळे आवाज अजूनही मैदानाच्या त्या टोकाला पोचेल असा. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि दर रविवारी जेवायला भावाकडे यायची. दाढोबाची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तो आणि त्याची लेक, जी लॅबमध्येही त्याच्याबरोबर काम करायची. रविवारी ताई आली की त्या घराला घरपण यायचं, आणि ओरडाही.

ताईच्या डाव्या बाजूच्या दाढा फार पूर्वीच गेल्या होत्या. कवळी केली होती, पण ती तोंडात कमी आणि पाण्याच्या पेल्यात जास्त. स्क्रू बसवून दात लावावेत तर तिथलं हाड झिजून गेलेलं. म्हणजे चावायचं ते उजवीकडे, आणि उजवीकडेही खाली धड अशी एकच दाढ. बावीस वर्षांपूर्वी तिच्या मुळांवर उपचार झाले होते आणि वर कॅप बसली होती. कॅप अर्थातच दाढोबाने केलेली. निकेलच्या मिश्रधातूची, पाच उंचवट्यांची, खोल खोबणींची. ही आपली आयुष्यातली सगळ्यात चांगली दाढ, असं तो स्वतःच सांगायचा. ताईला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता, पण त्याच दाढेने ती गाजरं, बदाम, पावाच्या कडा असं सगळं कडाकडा फोडायची.

वर्षभरापासून त्या दाढेला टेकणारा गाल आतून हुळहुळायला लागला. आधी गरम चहा झोंबायचा, मग कसलंही तिखट. मग ताईने चावणं कमी केलं आणि ती बारीक झाली. दाताच्या डॉक्टरने गाल उलटून बघितला तर कॅप जिथे टेकत होती बरोबर तिथे जाळीसारख्या पांढऱ्या रेघा आणि मधे लालभडक. डॉक्टर चाळिशीतली बाई, मोजकं बोलणारी. तिने ताईला त्वचेच्या तज्ज्ञाकडे धाडलं. तिथे ताईच्या पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. निकेलच्या चकतीखाली फोड उठले होते.

“बावीस वर्षं काही झालं नाही, आणि आत्ताच कसं काय झालं?” दाढोबाने विचारलं.

“ॲलर्जी कधीही सुरू होते, काका,” डॉक्टर म्हणाली. “आता यांच्या तोंडात धातू नको.”

दाढोबाला ते जिव्हारी लागलं. बहिणीच्या तोंडात आपणच विष ठेवलं असं कुणी म्हणालं नव्हतं, पण त्याला तेच ऐकू आलं. मग त्याने पंधरा दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं. टूथपेस्ट बदलून बघ, चहा गार करून पी, पाठीवरचे फोड घामाने आले असतील. लेक दाताच्या कण्या करून सांगत होती की बाबा, यात तुमचा दोष नाही, पण दाढ बदलायलाच हवी. शेवटी ताईनेच फोन करून विचारलं, “गाल माझा की तुझा?” तेव्हा कुठे स्वारी गप्प बसली.

डॉक्टरने जुनी कॅप काढली आणि छोट्या पाकिटात घालून त्याच्या हातात दिली. त्याने ती दिव्याखाली धरली. बावीस वर्षं दळूनही तिची एक खोबण बुजली नव्हती. त्याला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाची लगेच लाजही वाटली.

नवी दाढ सिरॅमिकची करायची ठरली. लेकीने दोन वर्षांपूर्वी त्याचं शिक्षण घेतलं होतं आणि तेव्हापासून लॅबमध्ये त्याची वेगळी भट्टी होती, जिच्याकडे दाढोबा शेजाऱ्याच्या नव्या गाडीकडे बघावं तसं बघायचा. ताईच्या दाढेचा खाली उरलेला खुंट बुटका होता. त्यावर कॅप नुसती टोपीसारखी घालून टिकणार नव्हती, ती घट्ट चिकटवावी लागणार होती आणि चिकटण्यात हे सिरॅमिक पटाईत. डॉक्टरने खुंट घासून वरच्या दातापासून जागा केली आणि स्पष्ट सांगितलं, “एक पॉइंट दोन मिलिमीटर. याहून जास्त जागा मी करू शकत नाही, खाली दातच उरणार नाही. आणि याहून पातळ तुम्ही करायचं नाही. खोबणीच्या तळाशीसुद्धा एक पॉइंट दोन.”

“मेणात मी कोरणार,” दाढोबा म्हणाला. “ताईची दाढ दुसऱ्या कुणी कोरायची नाही.”

यात अडचण काहीच नव्हती, कारण या सिरॅमिकचीही रीत जुनीच. आधी मेणाची दाढ, मग साचा, मग भट्टीत मेण जाळायचं. फक्त धातू ओतण्याऐवजी मऊ झालेली सिरॅमिकची वडी दाबून आत भरायची. सगळं ओळखीचं. दाढोबाला माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि पुढे जे झालं ते त्या ओळखीपायीच.

दोन दिवस त्याने मेण कोरलं. लेकीने ते तपासलं, साचा केला, भट्टी लावली. तिसऱ्या दिवशी दुपारी साचा फोडून दाढ बाहेर आली, दुधाळ, जराशी पिवळट, खऱ्या दाढेच्या रंगाची. लेकीने कॅलिपर घेऊन तिची जाडी पाच ठिकाणी मोजली, खोबणीत दोनदा मोजली, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं: १.२. आता फक्त ग्लेझचा चकचकीत थर देऊन शेवटचं भाजायचं राहिलं होतं.

“मी जेवण घेऊन येते, मग ग्लेझ करू,” ती म्हणाली आणि गेली.

दाढोबा दिव्याखाली दाढ धरून बसला. उंचवटे बरे होते. खोबणी मात्र त्याला बघवेनात. एक पॉइंट दोन राखायचे म्हणून त्याने हात आखडून कोरलं होतं, आणि आता ती दाढ त्याला वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखी दिसायला लागली. ताईच्या तोंडात बटण? चाळीस वर्षं दुनियेला नावं ठेवली आणि सख्ख्या बहिणीला बटण? त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याने हिऱ्याची सगळ्यात बारीक सुई मशीनला लावली आणि मधल्या खोबणीतून फिरवली. अगदी हलक्या हाताने, एकदा. मग आडव्या खोबणींतून एकदा. मग मधल्या खोबणीतून आणखी एकदा, कारण पहिल्यांदा ती जरा वाकडी गेली होती. दोन मिनिटांचं काम. दाढ जिवंत झाली.

कॅलिपर हाताच्या अंतरावर पडलं होतं. त्याने ते उचललं नाही. धातूवर असा शेवटचा हात फिरवल्यावर त्याने कधी मोजलं नव्हतं, तशी वेळच यायची नाही. निदान तेव्हा त्याने स्वतःला असंच सांगितलं.

लेक परत आली तोवर ग्लेझचा थर लावून झाला होता. “थांबला नाहीत ना माझ्यासाठी,” ती म्हणाली आणि हसली. मोजून झालेली वस्तू परत कोण मोजतो?

दाढ बसली. डॉक्टरने ती चिकटवली, निळा कागद चावायला देऊन कुठे जास्त लागते ते बघितलं आणि मान डोलावली. दोन आठवड्यांत ताईचा गाल निवला, रेघा फिक्या झाल्या. ताई रविवारी आली ती गाजर खातच आली. “अरे, काय दाढ केलीस!” ती दारातूनच ओरडली, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून डोकावल्या. दाढोबा दिवसभर हवेत होता. लेकीलाही त्याने त्या भरात सांगून टाकलं की तुझ्या त्या सिरॅमिकमध्ये दम आहे.

चौथ्या रविवारी ताई आली ती न ओरडता. जेवायला बसल्यावर तिने बटाटा काट्याने कुस्करला, पाव सूपमध्ये बुडवून मऊ केला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. ताई हवापाण्यावर बोलते आहे म्हटल्यावर दाढोबाने चमचा खाली ठेवला.

“ताई, तोंड उघड.”

“जेवताना? काही रीतभात?”

“तोंड उघड म्हणतो ना!”

“उघडत नाही जा.”

साठी ओलांडलेली दोन भावंडं टेबलाच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे डोळे वटारून बसली. शेवटी लेक टॉर्च घेऊन आली आणि म्हणाली, “आत्या, मला दाखव.” ताईने तोंड उघडलं. दाढ मधल्या खोबणीतून उभी फुटली होती. अर्धी जागेवर होती आणि अर्धी नव्हती.

“बुधवारीच गेली,” ताई म्हणाली. “टोस्ट खात होते. कट्कन आवाज आला आणि तुकडा मी गिळलाच.”

“आणि चार दिवस बोलली नाहीस?”

“तुझं तोंड कसं झालं असतं ते मला ठाऊक होतं,” ताई म्हणाली. “आता झालंय ना, तस्संच.”

सोमवारी सकाळी तिघंही डॉक्टरकडे गेली. चिकटवलेलं सिरॅमिक उचकटून निघत नाही, म्हणून डॉक्टरने उरलेला अर्धा भाग घासून काढला. त्याचं पीठ पाण्याबरोबर नळीतून वाहून गेलं. खालचा खुंट तिने आरशाने, सुईने, सगळीकडून तपासला. तो शाबूत होता. हातमोजे काढून तिने जुनी चिठ्ठी समोर घेतली.

“एक पॉइंट दोन,” ती म्हणाली. “जाडी बरोबर होती. मला वाटलं होतं पातळ राहिली असेल, तर जाड करून पुन्हा बसवता आली असती. पण बरोबर जाडीला महिन्याभरात फुटली म्हणजे भार या दाढेला झेपत नाही. सगळं चावणं एकट्या तिच्यावर. पुन्हा केली तर पुन्हा फुटेल, आणि त्या वेळी खालचा खुंट चिरून फुटेल, मग दुखणं, सूज सगळं आलं. याहून कडक पदार्थ आहेत, पण ते या बुटक्या खुंटावर चिकटून राहायचे नाहीत. धातू तर बादच.” ती ताईकडे वळली. “माझं मत विचाराल तर ही दाढ काढून टाकू. शांतपणे, सूज नसताना. गुरुवारी या.”

“माझंच मोजायला चुकलं असेल,” लेक म्हणाली. “पाच ठिकाणी मोजलं होतं मी. पण चुकलंच असेल काहीतरी. सॉरी, आत्या.”

“तू कशाला सॉरी?” ताई म्हणाली. “माझाच जबडा घोड्याचा. काढा दाढ, डॉक्टर. मऊ खाऊन कुणी मेलेलं नाही.” हात झटकून ती हे बोलली, मैदानावर गुडघा फुटलेल्या पोराला उठवावं तशी. मग जरा थांबून तिने हळूच विचारलं, “सफरचंद किसून खाता येतं ना?”

दाढोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. त्याची दातखीळ बसली होती. चूक कुठे झाली हे त्या खोलीत एकट्या त्याला ठाऊक होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते कधीही कळणार नव्हतं. अर्धा पुरावा ताईच्या पोटात गेला होता आणि अर्धा नळीतून वाहून गेला होता. राहिली होती ती फक्त चिठ्ठी, आणि ती त्याच्याच बाजूने बोलत होती. गप्प बसलं तर चाळीस वर्षांचं नाव जसंच्या तसं राहत होतं. बोल सिरॅमिकला लागला असता, घोड्याच्या जबड्याला लागला असता, फार तर लेकीच्या मोजण्याला. हे सगळं त्याच्या मनात आलं, आलं नाही असं सांगून त्याला थोर करण्यात अर्थ नाही. पण ताईने ते सफरचंदाचं इतक्या लहान आवाजात विचारलं होतं. तो आवाज त्याने तिच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता, तिचा नवरा गेला तेव्हासुद्धा.

“ती एक पॉइंट दोन नव्हती,” तो म्हणाला.

तिघींनी त्याच्याकडे बघितलं.

“हिने मोजली तेव्हा होती. हिने बरोबर मोजली. ही जेवण आणायला गेली तेव्हा मी सुई फिरवली. खोबणी खोल केल्या.”

“किती खोल?” डॉक्टरने विचारलं.

“मोजलं नाही.”

“अंदाजे, काका.”

दाढोबाने डोळे मिटले. बोटांना आठवत होतं. “मधल्या खोबणीत निम्मी उरली असेल. सहा दशांश. फुटलीय ती तिथूनच. धातूला असं केलेलं चालतं,” तो म्हणाला, आणि हे शेवटचं वाक्य किती बिनकामाचं आहे ते त्याचं त्यालाच कळलं.

डॉक्टर उठून उभी राहिली. मोजकं बोलणाऱ्या त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच चढला. “गुरुवारी मी ही दाढ उपटणार होते, काका! धडधाकट दाढ! तुम्ही आत्ता बोलला नसता तर?”

मान खाली घालून तो बसून राहिला. लेकीने समोरच्या चिठ्ठीवरचा आपला आकडा पुन्हा वाचला, आणि तेच त्याला जास्त लागलं. मिनिटभरापूर्वी तिने त्याच्या चुकीची माफी मागितली होती आणि त्याने ती मागू दिली होती.

ताई खुर्चीतून वाकून त्याच्याकडे बघत होती. “गधड्या,” ती म्हणाली. डॉक्टरसमोर, लेकीसमोर, पूर्ण मैदानी आवाजात. “अरे गधड्या! म्हणजे माझी दाढ चांगली आहे?”

“चांगली आहे,” डॉक्टरच म्हणाली. तिने खुर्ची ओढली, पुन्हा बसली आणि डायरीतल्या गुरुवारच्या पानावर रेघ मारली. “निम्म्या जाडीवर महिनाभर टोस्ट फोडले म्हणजे पूर्ण जाडीवर बरीच टिकेल. मी पुन्हा माप घेते. पण हे शेवटचं, काका. या खुंटाला तिसऱ्यांदा घासणं सोसणार नाही.”

मग पुढचे दोन दिवस लॅबमध्ये फक्त मशीनचा आवाज होता. लेक विचारलेल्याला ‘हं’ म्हणायची आणि कामाला लागायची. दाढोबाने एकदा तिच्यासाठी चहा केला. तो तिने प्यायला, पण कप धुऊन त्याच्या टेबलावर आणून ठेवला, पाहुण्याचा ठेवावा तसा. त्याने तिची माफी मागायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा घसा खाकरून गप्प बसला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्याला ते शब्द सहज सापडणार नव्हते.

मेण मात्र त्याने पुन्हा कोरलं. पहिल्या प्रयत्नात खोबण खोल गेली, त्याने ते मेण वितळवून टाकलं. दुसऱ्यांदाही तेच. चाळीस वर्षांचा हात काही केल्या ऐकेना. तिसऱ्या मेणाला त्याने कोरणी आडवी धरून बघितली. खोबण खाली न नेता त्याने तिच्या कडा बाहेर ढकलल्या, उतार पसरट केला, तळ गोल केला. खोली होती तेवढीच राहिली, पण उंचवट्यांमधून आता रुंद, शांत वळणं गेली. त्याने ते दिव्याखाली धरलं. बटण नव्हतं. त्याच्या जुन्या दाढांसारखंही नव्हतं. वर्षं न् वर्षं वापरात असलेली, मालकिणीच्या अंगवळणी पडलेली दाढ वाटत होती ती. असं काही आपल्या हातून होतं हे एकसष्टाव्या वर्षी कळल्याने त्याला भलतीच गंमत वाटली.

साचा फुटला, दाढ निघाली, लेकीने मोजली. पाच ठिकाणी, मग खोबणीत चार वेळा. चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि ती फोन वाजला म्हणून उठली.

“जाऊ नकोस,” दाढोबा म्हणाला.

“फोन वाजतोय, बाबा.”

“वाजू दे. ग्लेझ होईपर्यंत इथेच बस. माझ्यासमोर.”

“का?”

“हात शिवशिवतायत माझे,” तो म्हणाला. “खरंच सांगतो. एका बाजूला एवढीशी, अगदी एवढीशी सुई फिरवली ना, तर काय दिसेल ती! मला ठाऊक आहे फिरवायची नाही. पण तू गेलीस तर मी फिरवीन. आणि त्या दिवशी तू सॉरी म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो, ते फार वाईट केलं मी. तेही सांगायचं होतं. चुकलो मी, बाळा.”

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. फोन वाजून वाजून बंद पडला. तिने स्टूल ओढलं, हिऱ्याच्या सुयांची डबी उचलून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाली, “लावा ग्लेझ. मी बसलेय.”

भट्टीतून दाढ आली तेव्हा दोघांनी ती पुन्हा मोजली. या वेळी कॅलिपर दाढोबाच्या हातात होतं आणि आकडा त्यानेच मोठ्याने वाचला.

दोन महिन्यांनी ताई तपासणीला गेली तेव्हा दोघं बरोबर होती. डॉक्टरने गाल उलटला. पांढऱ्या रेघांचा मागमूस नव्हता, सगळीकडे गुलाबी. दाढेवर तिने सुई फिरवली, कडा तपासल्या, निळा कागद चाववला. ताईचं वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि आवाज पूर्वीच्या ठिकाणी परत आला होता.

“सगळं छान आहे,” डॉक्टर म्हणाली. “आता तुम्ही सांगा. दाढ कशी वाटते?”

दाढोबा खुर्चीत पुढे सरकला. ती रुंद वळणं, तो गोल तळ, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

ताई विचारात पडली. “कशी म्हणजे?” ती म्हणाली. “काही वाटतच नाही. तुम्ही आत्ता विचारलंत म्हणून आठवण झाली.”

“म्हणजे काहीच कळत नाही?” दाढोबाने विचारलं.

“काही नाही. जेवते, ताट रिकामं होतं. दाढेकडे लक्ष कोण देतंय?”

त्याने लेकीकडे बघितलं. ती आधीच त्याच्याकडे बघून हसत होती. पुढे आठ दिवस लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, पार्सलवाल्यालासुद्धा, तो हातातलं काम थांबवून सांगत होता की मी एवढी दाढ केली आणि ताईला तिचं काही कळतसुद्धा नाही. ही तक्रार आहे की फुशारकी, ते ऐकणाऱ्याला त्याच्या तोंडाकडे बघितल्यावरच समजायचं.